स्पॅमची खूण पुन्हा पुन्हा नाहीशी का होते? मेल सर्व्हरवरील एका जुन्या दुखण्याची तपासणी

तक्रार बहुधा ठरलेल्या शब्दांत येते: मागच्या आठवड्यापर्यंत नको असलेल्या मेलना विषयाच्या आधी खूण लागत होती, आता लागत नाही. गाळणी बंद पडलेली नसते. सेवा चालू असते, लॉगमध्ये मेलला दिलेले गुणही दिसत असतात, आणि तरीही उघडउघड स्पॅम असलेला मेल कोणत्याही शिक्क्याविना थेट इनबॉक्समध्ये येऊन पडतो. प्रशासक एखाद्या फाइलीत ओळ बदलतो, सेवा पुन्हा सुरू करतो, काही दिवस बरे जातात आणि एखादे अपडेट झाले किंवा नवे डोमेन जोडले की तीच तक्रार पुन्हा दारात उभी राहते. हे दुखणे मी अनेक सर्व्हरांवर पाहिले आहे आणि त्यावरून माझे मत असे झाले आहे की दोष गुण देण्याच्या कामात क्वचितच असतो. खूण नक्की कोणता प्रोग्राम करतो आणि ती कोणता प्रोग्राम वाचतो हे शोधण्याआधीच आपण सेटिंग बदलायला घेतो, आणि पुष्कळदा ज्या फाइलीत बदल करतो ती फाइल खूण करणारा प्रोग्राम वाचतच नाही.

पुढील विवेचन पोस्टफिक्स, स्पॅमअ‍ॅसॅसिन, अमाविस, आरस्पॅमडी आणि डव्हकॉट या नेहमीच्या मुक्त प्रणाली डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. पोस्टफिक्स मेल घेते व पुढे देते, स्पॅमअ‍ॅसॅसिन आणि आरस्पॅमडी या स्पॅमच्या गाळण्या आहेत, अमाविस पोस्टफिक्स आणि गाळणी यांच्यामध्ये बसते आणि डव्हकॉट मेल पेटीत ठेवते. सेटिंगांची नावे येथे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष फाइलीत ती रोमन लिपीत आणि बहुतेक ठिकाणी शब्दांच्या मध्ये अंडरस्कोअर देऊन लिहावयाची असतात, याचा विसर पडू देऊ नये.

तीन कामे, तीन हात

स्पॅमची गाळणी हा एकच प्रोग्राम आहे असे समजून तपासणी सुरू केली की वाट चुकते. पहिले काम गुण देण्याचे: मेलचा मजकूर, हेडर (मेलच्या माथ्यावरच्या माहितीच्या ओळी), पाठवणाऱ्या सर्व्हरचा पत्ता, मजकुरातील दुवे यांवर शेकडो नियम चालवून एक बेरीज काढली जाते. दुसरे काम खूण करण्याचे: ती बेरीज ठरावीक उंबरठ्याच्या वर गेली तर मेलमध्ये एक्स-स्पॅम-फ्लॅगसारखे हेडर घालणे किंवा विषयाच्या ओळीआधी शब्द जोडणे. तिसरे काम खूण वाचून मेल हलवण्याचे, म्हणजे तो जंक फोल्डरमध्ये टाकण्याचे. ही तिन्ही कामे तीन वेगळे प्रोग्राम करत असू शकतात आणि बहुतेक ठिकाणी करतातच. गुण स्पॅमअ‍ॅसॅसिनचे, खूण अमाविसची आणि हलवाहलव डव्हकॉटच्या सिव्ह (मेल वर्गवारीचे नियम) स्क्रिप्टची, ही मांडणी फार प्रचलित आहे आणि सर्वाधिक गोंधळही तिच्यातच होतो.

म्हणून पहिली पायरी कॉन्फिगरेशन उघडण्याची नाही. खूण न लागलेला एक मेल आणि खूण लागलेला एक मेल, दोन्ही मूळ स्वरूपात, सगळ्या हेडरांसह समोर घ्यावेत. खूण करणारा प्रोग्राम स्वतःची ओळख हेडरमध्ये सोडून जातो. एक्स-स्पॅम-चेकर-व्हर्जन हे हेडर असेल तर खूण स्पॅमअ‍ॅसॅसिनने स्वतः केलेली आहे. त्या ओळीत आवृत्ती आणि यंत्राचे नावही असते, त्यामुळे खूण आपल्या सर्व्हरवर झाली की वाटेतल्या दुसऱ्या एखाद्या सर्व्हरवर, हेही कळते. एक्स-स्पॅम-स्टेटस या ओळीत 'टॅग्ड अबव्ह' असे शब्द आणि चौकटी कंसात नियमांची यादी दिसली तर ती ओळ अमाविसने लिहिलेली आहे. स्पॅमअ‍ॅसॅसिनच्या स्वतःच्या ओळीत ते शब्द नसतात, तिच्यात नियमांच्या यादीनंतर ऑटोलर्न आणि आवृत्ती येते. नुसते 'एक्स-स्पॅम: येस' असेल तर आरस्पॅमडीकडे पाहावे. या एका निरीक्षणाने निम्मी चुकीची वाट वाचते.

त्यानंतर न खुणावलेल्या मेलचा मेसेज-आयडी (हेडरमधील त्याची ओळखखूण) घेऊन लॉगमध्ये त्याचा प्रवास शोधावा. अमाविसच्या लॉगमध्ये त्या मेलची एक ओळ सापडते आणि तिच्यात 'हिट्स' या शब्दापुढे गुण असतात. तेथे आकड्याऐवजी फक्त आडवी रेघ असेल तर मेलची स्पॅमसाठी तपासणी झालीच नाही. 'पास्ड स्पॅमी' असे असेल तर खुणेचा उंबरठा ओलांडला गेला होता पण अडवण्याचा नाही, म्हणजे खूण लागायला हवी होती. 'पास्ड क्लीन' असेल तर गुणच कमी पडले. तिन्ही परिस्थितींचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत आणि लॉगची ही ओळ न वाचता उंबरठा खाली आणणे म्हणजे आजार न ओळखता औषधाची मात्रा वाढवणे.

मध्ये अमाविस असेल तर

स्पॅमअ‍ॅसॅसिनच्या लोकल सीएफ या फाइलीत विषयाला खूण जोडणारी 'रीराइट हेडर सब्जेक्ट' ही ओळ घालून वाट पाहत बसलेले प्रशासक मला वारंवार भेटतात. ती ओळ अचूक असते, स्पॅमअ‍ॅसॅसिनची लिंट तपासणीही (सेटिंगांतील चुका शोधणारी) काही तक्रार करत नाही, आणि तरीही विषयाच्या ओळीत काहीच बदल होत नाही. कारण सरळ आहे. अमाविस स्पॅमअ‍ॅसॅसिनला स्वतंत्र सेवा म्हणून हाक मारत नाही. ते त्याचे पर्ल मॉड्यूल स्वतःच्या पोटात घेऊन चालते आणि त्याच्याकडून फक्त गुण व लागू पडलेल्या नियमांची यादी मागून घेते. मेलमध्ये फेरफार करण्याचे काम ते स्वतःच्याच हाती ठेवते. त्यामुळे रीराइट हेडर, रिपोर्ट सेफ आणि रिक्वायर्ड स्कोअर या तिन्ही सेटिंगांचा अमाविसवर काहीही परिणाम होत नाही. नियमांचे गुण आणि स्थानिक नियम मात्र लोकल सीएफमधूनच वाचले जातात. तेथे बदल केल्यावर पुन्हा सुरू करायचे ते अमाविस. स्पॅमअ‍ॅसॅसिनची स्पॅमडी ही स्वतंत्र सेवा पुन्हा सुरू करून काही साधत नाही, कारण या मांडणीत तिचा उपयोगच होत नाही.

अमाविसचे स्वतःचे तीन उंबरठे आहेत आणि ते नीट समजून घेणे आवश्यक आहे. पहिला, टॅग लेव्हल, ओलांडला की मेलमध्ये गुणांची माहिती देणारे हेडर येतात, पण तो स्पॅम ठरत नाही. दुसरा, टॅग टू लेव्हल, ओलांडला की एक्स-स्पॅम-फ्लॅगमध्ये 'येस' येते आणि विषयाची खूण लागते. तिसरा, किल लेव्हल, ओलांडला की मेलचे अंतिम भवितव्य ठरवणारे सेटिंग लागू होते: सोडणे, टाकून देणे, नाकारणे किंवा परत पाठवणे. डेबियन या लिनक्स वितरणाच्या पॅकेजमध्ये यांची मूळ मूल्ये 2.0, 6.31 आणि 6.31 अशी असतात. दुसरा आणि तिसरा आकडा एकच आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. म्हणजे खूण करून पोचवण्यासाठी मधली जागाच शिल्लक राहत नाही. मेल एकतर खुणेविना पोचतो किंवा अंतिम भवितव्याच्या सेटिंगच्या हवाली होतो. 'खूण कधीच दिसत नाही' या तक्रारीमागे केवळ एवढेच कारण असलेले मी पाहिले आहे. खूण करून वापरकर्त्याला निर्णय घेऊ द्यायचा असेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या उंबरठ्यात पुरेसे अंतर ठेवावे. माझी पसंती दुसरा 5 ते 6 च्या आसपास आणि तिसरा त्याच्या किमान दुप्पट अशी असते. तपासणीच्या काळात पहिला उंबरठा उणे 999 करून ठेवला की प्रत्येक मेलमध्ये गुण दिसतात आणि अंदाजाने बोलण्याची गरज उरत नाही. अंतिम भवितव्य म्हणून 'परत पाठवणे' मात्र कधीही निवडू नये, कारण स्पॅमवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता जवळजवळ नेहमी खोटा असतो आणि परतीचा मेल एखाद्या निरपराध व्यक्तीच्या माथी बसतो.

आता ज्या कारणामुळे ही समस्या खऱ्या अर्थाने पुन्हा पुन्हा उद्भवते त्याकडे येऊ. अमाविस स्पॅमचे हेडर आणि विषयाची खूण फक्त स्थानिक डोमेनच्या पत्त्यांवर येणाऱ्या मेलना लावते. हे योग्यच आहे, कारण बाहेर जाणाऱ्या मेलवर आपल्या गाळणीचा शिक्का मारणे उचित नाही. परंतु स्थानिक डोमेन कोणते हे अमाविसला पोस्टफिक्सकडून कळत नाही. ते 'लोकल डोमेन्स मॅप्स' किंवा त्याच्या जुन्या 'लोकल डोमेन्स एसीएल' या यादीतून कळते, आणि मूळ मांडणीत त्या यादीत केवळ मुख्य डोमेन आणि त्याची उपडोमेन असतात. सर्व्हरवर दुसरे, तिसरे, चौथे डोमेन जोडले जाते, पोस्टफिक्सच्या यादीत त्याची नोंद होते, मेल व्यवस्थित पोचू लागतो, आणि अमाविसच्या दृष्टीने ते डोमेन परकेच राहते. त्या डोमेनच्या मेलची तपासणी होते, लॉगमध्ये गुणही दिसतात, पण एकही हेडर उमटत नाही. मुख्य डोमेनवर सगळे सुरळीत असल्याने प्रशासकाने स्वतःच्या पत्त्यावर केलेली चाचणी नेहमी यशस्वी होते! यावरचा कायमचा उपाय म्हणजे डोमेनची यादी दोन ठिकाणी हाताने न लिहिणे. पोस्टफिक्स ज्या डेटाबेसमधून किंवा फाइलीतून डोमेन वाचते, त्याच ठिकाणाहून अमाविसलाही वाचायला लावावे; ते शक्य नसेल तर डोमेन जोडण्याच्या स्क्रिप्टमध्येच दोन्ही नोंदी कराव्यात.

थेट स्पॅमअ‍ॅसॅसिन किंवा आरस्पॅमडी असेल तर

मध्ये अमाविस नसेल आणि स्पॅमअ‍ॅसॅसिन थेट किंवा मिल्टरच्या (पोस्टफिक्सला जोडलेल्या गाळणीच्या) मार्गाने चालत असेल, तर लोकल सीएफमधील सेटिंगे खरोखर लागू होतात. रिक्वायर्ड स्कोअर, म्हणजे स्पॅम ठरण्याचा उंबरठा, मुळात 5.0 असतो. रिपोर्ट सेफ मुळात 1 असते, म्हणजे स्पॅम ठरलेला मूळ मेल जोडपत्रात गुंडाळला जातो आणि वर अहवाल येतो. बहुतेक वापरकर्त्यांना हे गोंधळाचे वाटते, म्हणून ते 0 करून फक्त हेडर घालावेत. फार जुन्या मार्गदर्शिकांमधून उतरवलेली 'रीराइट सब्जेक्ट' आणि 'सब्जेक्ट टॅग' ही सेटिंगे 2004 साली आलेल्या 3.0 या आवृत्तीत काढून टाकण्यात आली; तरीही ती आजही फाइलींमध्ये आढळतात. स्पॅमअ‍ॅस-मिल्टर वापरत असाल तर त्याला 'एम' हा पर्याय दिलेला आहे का ते पाहावे. तो असेल तर विषय आणि मजकूर यांत कोणताही बदल होत नाही, लोकल सीएफमध्ये काहीही लिहिलेले असो.

आरस्पॅमडीत मूळ आकडे 4 ला ग्रेलिस्टिंग (मेल तात्पुरता परतवणे), 6 ला हेडर घालणे आणि 15 ला नाकारणे असे आहेत. विषय बदलण्याची क्रिया मुळात सुरू नसते, ती हवी असल्यास तिला स्वतंत्र आकडा द्यावा लागतो. बदल लोकल डॉट डी या निर्देशिकेतील अ‍ॅक्शन्सच्या फाइलीत करावेत आणि नंतर आरस्पॅमएडीएमची कॉन्फिगटेस्ट आज्ञा चालवावी. मूळ अ‍ॅक्शन्स फाइलीला हात लावू नये.

खूण कधी लागते, कधी लागत नाही

डोमेन तेच, वापरकर्ता तोच, आणि तरीही काही मेल खुणेविना येत असतील, तर तीन ठिकाणी पाहावे.

पहिले ठिकाण मेलचा आकार. मोठे मेल तपासण्यात वेळ आणि स्मृती खर्च होते म्हणून प्रत्येक साधनाने मर्यादा घालून ठेवलेली असते. स्पॅमसी हा प्रोग्राम मुळात 500 किलोबाइटपेक्षा मोठा मेल स्पॅमडीकडे पाठवतच नाही. डेबियनच्या अमाविस पॅकेजमध्ये ही मर्यादा 200 किलोबाइट इतकी कमी असते; अमाविसच्या नव्या आवृत्त्या मात्र मोठा मेल सोडून न देता त्याचा फक्त सुरुवातीचा भाग तपासतात. एक मध्यम आकाराचे चित्र जोडले की स्पॅम या मर्यादेच्या बाहेर जातो. मर्यादा वाढवावी, परंतु यंत्राच्या कुवतीकडे पाहून. येथे एक धोका नोंदवणे मला आवश्यक वाटते: असा न तपासलेला मेल जसाच्या तसा पुढे जातो, त्यामुळे पाठवणाऱ्याने स्वतःच आधी घातलेले खोटे एक्स-स्पॅम हेडरही त्यात टिकून राहू शकतात. बाहेरून येणाऱ्या मेलमधील हे हेडर पोस्टफिक्सच्या पातळीवर, गाळणीच्या आधी, काढून टाकणे हा सुज्ञपणा आहे. मात्र गाळणीतून मेल परत येतो त्या दारावर हीच तपासणी बंद ठेवावी, नाहीतर आपलीच खूण आपण पुसून टाकतो. हा शेवटचा अपघात वाटतो त्यापेक्षा बराच नेहमीचा आहे.

दुसरे ठिकाण भार. स्पॅमडी मुळात एका वेळी जास्तीत जास्त 5 उपप्रक्रिया चालवते. मेलचा लोंढा आला की रांग वाढते, वेळेची मर्यादा संपते, आणि स्पॅमसीची मूळ वागणूक अशी आहे की सेवा उपलब्ध नसेल तर मेल न बदलता तसाच पुढे द्यावा. मेल हरवू नये म्हणून हे धोरण चांगलेच आहे, पण त्याची किंमत म्हणून गर्दीच्या वेळी खुणेविना मेल पोचतो. पोस्टफिक्समध्ये मिल्टर असल्यास 'मिल्टर डीफॉल्ट अ‍ॅक्शन' हे सेटिंग पाहावे. त्याचे मूळ मूल्य टेम्पफेल आहे, म्हणजे गाळणी बंद असेल तर पाठवणाऱ्याला थोड्या वेळाने पुन्हा या असे सांगितले जाते. कोणीतरी केव्हातरी तातडीच्या प्रसंगी ते अ‍ॅक्सेप्ट केलेले असते आणि मग ते तसेच राहून जाते. न खुणावलेल्या मेलांच्या वेळा कागदावर मांडून पाहाव्यात. त्या एखाद्या ठरावीक वेळेभोवती गोळा होत असतील तर कारण बहुधा हेच.

तिसरे ठिकाण मेलचा मार्ग. अधिकृत लॉगिन करून पाठवलेले आणि अंतर्गत नेटवर्कमधून आलेले मेल अनेक मांडण्यांमध्ये गाळणीला वळसा घालतात. बाहेरचे मेल आधी दुसऱ्या एखाद्या सर्व्हरवर उतरून मग आपल्याकडे येत असतील आणि त्या सर्व्हरचा पत्ता विश्वासू नेटवर्कांच्या यादीत असेल, तर सगळाच बाहेरचा मेल घरचा समजला जाऊ शकतो. याउलट स्पॅमअ‍ॅसॅसिनच्या ट्रस्टेड नेटवर्क्स आणि इंटर्नल नेटवर्क्स या याद्यांमध्ये तो सर्व्हर असणे आवश्यक असते, कारण तरच त्याच्या मागचा खरा पाठवणारा तपासला जातो. 'विश्वासू' या एकाच शब्दाचे पोस्टफिक्समध्ये आणि स्पॅमअ‍ॅसॅसिनमध्ये असे दोन अर्थ होतात, हे पक्के ध्यानात ठेवावे.

हाताने तपासले तर वेगळे गुण

ही अडचण स्वतंत्रपणे सांगण्यासारखी आहे, कारण ती अनुभवी माणसालाही फसवते. न खुणावलेला मेल घेऊन रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून आज्ञेच्या ओळीवर स्पॅमअ‍ॅसॅसिन चालवले तर 8 गुण येतात. त्याच मेलच्या हेडरमध्ये मात्र 3 लिहिलेले असतात. दोन्ही आकडे खरे असतात. बेझ पद्धतीचा (आधी दाखवलेल्या मेलवरून शब्दांचा कौल मोजणारी पद्धत) शिकवलेला डेटाबेस प्रत्येक वापरकर्त्याचा वेगळा असतो. आपण रूट म्हणून एसए-लर्न ही शिकवण्याची आज्ञा चालवून महिनोन्महिने शिकवलेले सगळे रूटच्या घरात साठते, तर अमाविस स्वतःच्या अमाविस या वापरकर्त्याच्या घरात पाहते आणि तेथे रिकामा डेटाबेस असतो. किमान 200 स्पॅम आणि 200 चांगले मेल शिकल्याखेरीज बेझ गुण देतच नाही. शिवाय स्पॅमअ‍ॅसॅसिनमध्ये प्रत्येक नियमाला चार परिस्थितींसाठी वेगळे गुण असू शकतात, बेझ चालू की बंद आणि नेटवर्क चाचण्या चालू की बंद यांवरून, त्यामुळे बेझ रिकामा असला की फक्त बेझचे नव्हे, तर इतर नियमांचेही गुण बदलतात. म्हणून शिकवणे आणि तपासणे दोन्ही त्याच वापरकर्त्याच्या नावाने करावे ज्याच्या नावाने गाळणी चालते. एसए-लर्नच्या डंप मॅजिक या पर्यायाने त्या वापरकर्त्याच्या डेटाबेसमध्ये किती मेल आहेत हे लगेच दिसते.

फरक नेटवर्क चाचण्यांमुळेही पडतो. काळ्या याद्या (बदनाम पत्ते आणि दुवे यांच्या) चालवणाऱ्या अनेक संस्था सार्वजनिक डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या) सेवांमधून आलेले प्रश्न नाकारतात. स्पॅमहाउस अशा वेळी 127.255.255.254 हे उत्तर देते, आणि दुव्यांची काळी यादी असलेल्या यूआरआयबीएलच्या बाबतीत मेलच्या हेडरमध्ये 'यूआरआयबीएल ब्लॉक्ड' हा नियम उमटतो. तो दिसला की समजावे की दुव्यांची तपासणी होतच नाही आणि दरेक मेलचे काही गुण हातचे जात आहेत. उपाय एकच: मेल सर्व्हरवर स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर चालवावा, उदाहरणार्थ अनबाउंड, आणि तो दुसऱ्या कोणाकडे प्रश्न न सोपवता स्वतः उत्तर शोधतो आहे याची खात्री करावी. यंत्राचे नेटवर्क सेटिंग एखाद्या अपडेटनंतर किंवा स्थलांतरानंतर पुन्हा सार्वजनिक सेवेकडे वळते, आणि खुणा पुन्हा कमी होतात. या समस्येच्या पुनरागमनाचे हे दुसरे मोठे कारण आहे.

खूण कुठे करावी

विषयाच्या ओळीत खूण करणे लोकप्रिय आहे कारण ती डोळ्यांना दिसते. तरीही मी ती टाळण्याचा सल्ला देईन. मेल वाटेत बदललेला नाही हे दाखवणाऱ्या डीकेआयएम सहीमध्ये, जिचे प्रमाण 2011 च्या आरएफसी 6376 या इंटरनेट दस्तऐवजात आहे, विषयाची ओळ जवळजवळ नेहमी समाविष्ट असते. तिच्यात एक अक्षर जरी जोडले तरी सही मोडते. मेल आपल्याच सर्व्हरवर थांबणार असेल तर फारसे बिघडत नाही. परंतु वापरकर्त्याने आपला मेल दुसऱ्या पत्त्यावर पुढे पाठवण्याची सोय केली असेल, तर एसपीएफ तपासणी (पाठवणारा सर्व्हर त्या डोमेनला मान्य आहे का ही) आपल्या सर्व्हरच्या पत्त्यावर आधीच नापास होते, आता डीकेआयएमही नापास, आणि डीएमएआरसी धोरण (दोन्ही नापास झाल्यास काय करावे याचे) कडक असलेला मेल समोरचा सर्व्हर नाकारतो. चुकून खूण लागलेला एखादा महत्त्वाचा मेल अशा रीतीने कायमचा हरवू शकतो. एक्स-स्पॅम हेडर नव्याने घातल्याने मात्र सहीला धक्का लागत नाही. विषयातच खूण हवी असा आग्रह असेल तर ती साध्या रोमन अक्षरांत ठेवावी. रोमनेतर अक्षरे विषयात घालायची तर ती आरएफसी 2047 च्या पद्धतीने संकेतबद्ध करावी लागतात, आणि कॉन्फिगरेशन फाइलीत सरळ लिहिलेली देवनागरी खूण काही मेल प्रोग्रामांमध्ये निव्वळ कचरा म्हणून उमटू शकते.

हेडरवर विसंबायचे तर ते वाचणारा कोणीतरी हवा, आणि तो डव्हकॉटचा सिव्ह. एक्स-स्पॅम-फ्लॅगमध्ये 'येस' असेल तर जंकमध्ये टाक, एवढीच स्क्रिप्ट पुरते; ती सर्वांसाठी सिव्ह बिफोर या ठिकाणी ठेवावी, म्हणजे वापरकर्त्याच्या स्वतःच्या नियमांच्या आधी ती चालते. आरस्पॅमडी असेल तर स्क्रिप्टमध्ये हेडरचे नाव 'एक्स-स्पॅम' हवे. एका गाळणीवरून दुसरीवर जाताना स्क्रिप्ट तशीच राहते आणि मग खूण असूनही मेल हलत नाही. पोस्टफिक्स मेल स्वतःच पेटीत टाकत असेल आणि डव्हकॉटच्या एलएमटीपीकडे (मेल पेटीत पोचवण्याच्या सेवेकडे) देत नसेल, तर सिव्ह कधीच चालत नाही. पाहायचे सेटिंग पोस्टफिक्सचे व्हर्च्युअल ट्रान्सपोर्ट किंवा मेलबॉक्स ट्रान्सपोर्ट हे आहे. जंक नावाचा फोल्डर अस्तित्वात नसेल आणि तो आपोआप तयार करण्याची परवानगीही नसेल, तर सिव्ह मेल फेकून देत नाही, इनबॉक्समध्येच ठेवते. वापरकर्त्याला मात्र असे वाटते की गाळणीने त्याला ओळखलेच नाही.

चाचणी

जीट्यूब ही 68 अक्षरांची प्रसिद्ध चाचणी ओळ मेलमध्ये घातली की स्पॅमअ‍ॅसॅसिन 1000 गुण देते. तिने गाळणी जिवंत आहे एवढे कळते. खुणेची चाचणी होत नाही, कारण 1000 गुणांचा मेल किल लेव्हलच्याही पार जातो आणि पोचतच नाही. खुणेची चाचणी करायची तर लोकल सीएफमध्ये विषयात एखादा विचित्र, इतर कोठे न येणारा शब्द शोधणारा स्थानिक नियम लिहावा आणि त्याला दोन उंबरठ्यांच्या मधोमध पडतील इतके गुण द्यावेत. हा चाचणी मेल बाहेरच्या पत्त्यावरून, आणि सर्व्हरवरील प्रत्येक डोमेनच्या एका पत्त्यावर पाठवावा. फक्त स्वतःच्या पत्त्यावर पाठवून समाधान मानू नये. वरील सगळ्या कारणांपैकी निम्मी तेथे दिसतच नाहीत.

बदल कोठे लिहायचे याबद्दल शिस्त ठेवली नाही तर एवढे करूनही अपडेटनंतर सगळे पुसले जाते. डेबियनवर अमाविसचे बदल 50-यूजर या शेवटी वाचल्या जाणाऱ्या फाइलीतच करावेत, 20-डेबियन-डीफॉल्ट्स या फाइलीत नव्हे. प्रत्येक बदलानंतर स्पॅमअ‍ॅसॅसिनची लिंट तपासणी गाळणीच्या वापरकर्त्याच्या नावाने चालवावी. नियम उतरवून घेणारी एसए-अपडेट ही आज्ञा नवे नियम आणल्यावर 0 आणि नवे काही नसताना 1 हे उत्तर देते. 0 आले की गाळणी पुन्हा सुरू झालीच पाहिजे, नाहीतर नियम डिस्कवर नवे आणि स्मृतीत जुने राहतात. नियम ताजे ठेवण्याचे महत्त्व 1 जानेवारी 2010 रोजी सर्वांना दिसले होते: मेलची तारीख फार पुढची आहे का हे पाहणाऱ्या एका नियमात 2010 पासूनची सगळी वर्षे भविष्यकाळात मोजली गेली होती, आणि नवे वर्ष उजाडताच चांगल्या मेलनाही त्या नियमाचे गुण लागू लागले. दुरुस्ती एसए-अपडेटमधून लवकरच आली, पण ज्यांचे अपडेट चालू नव्हते त्यांच्याकडे निर्दोष मेलवर विनाकारण गुण चढत राहिले.

माझ्याकडे आता वर सांगितलेला चाचणी मेल प्रत्येक डोमेनसाठी रोज पहाटे बाहेरच्या एका यंत्रावरून आपोआप जातो, आणि एक लहान स्क्रिप्ट तो जंक फोल्डरमध्ये पोचला का, त्याच्या एक्स-स्पॅम-स्टेटसमध्ये अपेक्षित नियम आहे का, आणि यूआरआयबीएल ब्लॉक्ड तर उमटले नाही ना, हे पाहते. यांपैकी काही चुकले तर मला त्याच सकाळी सूचना मिळते. गेल्या खेपेस नवे डोमेन जोडताना अमाविसच्या यादीत त्याची नोंद राहून गेली, तेव्हा ती चूक दुसऱ्या दिवशी सात वाजता या स्क्रिप्टनेच सांगितली. त्या डोमेनच्या एकाही वापरकर्त्याला तक्रार करावी लागली नाही.